वाटणं

सप्टेंबरातली माझ्या पहाऱ्याची तिसरी रात्र.
ॲशिंग्टनमध्ये लोक लीकवर पहारा देतात,
हे सांगलीत कोणाला सांगितलं तर हसतात.
लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा आडदांड चुलतभाऊ,
पांढरा, बुटका, मांडीएवढा जाड.
क्लबातले म्हातारे त्याला बिअर पाजतात, ओल्या फडक्याने पुसतात
आणि बिअरमध्ये काय मिसळलं ते मरेपर्यंत सांगत नाहीत.

सगळ्यांत देखणे वॉल्ट थर्लवेलचे.
खाण बंद पडल्यावर त्याने एवढंच केलं,
एकतीस वर्षं.

पावणेदोनला फाटकाची साखळी वाजली.
मला वाटलं, कोल्हा असेल.
कोल्हे साखळ्या काढत नाहीत,
हेही वाटलं,
पण थर्मासमधला चहा अजून गरम होता.
बसून राहिलो.

सकाळी वॉल्टचे सगळे लीक चिरलेले,
मुळापासून पातीपर्यंत, सराईत हाताने.
वॉल्ट काही बोलला नाही. टोपी काढली,
रस्त्याने शवपेटी जाताना काढतात तशी,
आणि मग ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना.

शनिवारी माझा पहिला नंबर आला.
चकचकीत विजेची केटल, नव्वद पौंड, टाळ्या.

भाची न्यूकॅसलला तत्त्वज्ञान शिकते, शाल्मली.
रविवारी जेवायला आली, भाकरी मोडत म्हणाली,
"मामा, 'हे वाईट आहे' असं काही नसतंच.
तू फक्त 'शी!' म्हणतोस, जरा लांबवून,
कारल्याला म्हणावं तसं.
दुसरा कोणी 'वा!' म्हणेल.
'शी' कधी खोटी ठरते का?"

मी तिला चटणी वाढली.
भाषेनेही तिचीच बाजू घेतलेली:
वाईट वाटतं, वाईट असतं,
एकच शब्द दोन्ही घरी जेवतो.

पण शाल्मली, खरं सांगू?
मला वाईट वाटलंच नाही.
वॉल्टच्या वाफ्याशी उभा होतो
आणि पोटात काहीतरी गोड हललं,
सुतकात लाडू हाती यावा तसं.
बेरीज आपोआप झाली:
हा गेला, डेरेकचे यंदा बारीक, म्हणजे मी.
'शी' शोधूनही सापडली नसती.
होता तो एक दाबलेला, बारीकसा 'वा!'

आणि तरी ते वाईट होतं.
मला गोड लागत होतं तेव्हाही होतं.
चिरणाऱ्याला लागलं असेल तेव्हाही.
उद्या अख्ख्या क्लबाने हात वर करून
'वा' असा ठराव केला असता,
तरी वॉल्टच्या हातातली टोपी
तशीच राहिली असती.

तिने ऐकून घेतलं. हुशार पोरगी.
म्हणाली, "हीसुद्धा भावनाच, मामा.
जरा खालच्या थरातली, उशिरा उगवणारी."
असेल.
मी आयुष्यभर बस चालवली,
जमिनीखालचं वॉल्टला विचारायला हवं.

नंबर आला म्हणून क्लबात पेढे वाटले होते मी,
रविवारची चटणीही मीच वाटली होती.
वाटण्याचं बरं असतं,
वाटून झालं की हात धुता येतात.

सोमवारी केटल घेऊन वॉल्टच्या दारात गेलो.
साखळीचं सांगितलं. कोल्ह्याचं. चहाचंही.
'सॉरी' म्हणालो नाही,
त्या शब्दात मीच फार असतो.
म्हणालो, "वॉल्ट, मी उठायला हवं होतं."
"हो," तो म्हणाला. "हवं होतं."

आवाजात राग नव्हता.
तराजूवरचा आकडा वाचावा, तसं म्हणाला.
केटल घेतली नाही. दारही लावलं नाही.
आत शेगडीवर त्याची जुनी केटल
शिट्टी घालू लागली होती,
कोणीतरी जाऊन ती उतरवायला हवी होती.